चाळीस फुटी महामार्ग

गेटपासून पोर्चपर्यंत गाडी नेणारी वाट हे बंगल्याच्या बांधकामातलं शेवटचं काम. शेवटचं म्हणजे पैसे संपल्यानंतरचं. वास्तुशांत उरकलेली असते, पडदे लागलेले असतात आणि अंगणात मात्र विटांचे तुकडे, उरलेली खडी आणि कोणी उचलायचं ते न ठरल्यामुळे पडून राहिलेलं एक तडकलेलं बेसिन अशी मांडणी असते. पहिल्या पावसात गाडीचं चाक रुततं, व्याही मंडळी चपला हातात घेऊन घरात शिरतात आणि त्याच रात्री ‘आता एकदाच काय ते पक्कं करून टाकू’ असा ठराव एकमतानं मंजूर होतो. काँक्रीटची वाट नीट केली तर पंचवीस-तीस वर्षं टिकते. घाईत केली तर हाच ठराव दर चार वर्षांनी पुन्हा मांडावा लागतो.

काँक्रीटशिवाय पर्याय आहेत, पण ते चर्चेपुरते. शहाबादी फरशी माणसाच्या पायाला सुखाची, पण गाडीच्या चाकाखाली कोपरे उडतात. पेव्हर ब्लॉक दिसतात छान, हवे तेव्हा उचलून पुन्हा बसवताही येतात, पण फटींतून हरळी उगवते आणि ती उपटायचं काम घरातल्या ज्येष्ठ नागरिकाकडे जातं. डांबरवाला एवढ्याशा कामाला येत नाही. येतो म्हणतो, पण येत नाही. उरतं काँक्रीट.

लांबी-रुंदी ठरवायला वेळ लागत नाही. गाडी पावणेसहा ते सहा फूट रुंद, म्हणून सात फुटांत भागेल असं घरमालकाला वाटतं. गाडीला दारं असतात आणि ती बाजूला उघडतात हे त्याला पहिल्यांदा उतरताना कळतं. दहा फूट रुंदी असावी. लांबी प्लॉट देईल तेवढी. इथं चाळीस फूट धरू.

खरी गोम उंचीत आहे. खाली दगडाचं सोलिंग किंवा दाबलेला मुरूम सहा इंच, त्यावर काँक्रीट पाच इंच. म्हणजे खोदाई केली नाही तर अंगण अकरा इंच वर येणार, हा हिशेब दुसरीतल्या पोरालाही जमतो. गेटला जमत नाही. आत उघडणारं लोखंडी गेट जमिनीपासून दोन इंचांवर टांगलेलं असतं आणि ते गेट आहे याची आठवण सर्वांना काँक्रीट पडल्यावर होते. त्या दिवशी ते उघडं असेल तर कायमचं उघडं राहतं, बंद असेल तर कायमचं बंद. मग वेल्डर येतो, गेट खालून कापतो आणि नव्या गेटच्या निम्मे पैसे घेतो. आधी जमीन खोदून अकरा इंचांची जागा करणं याच्यापेक्षा स्वस्त पडतं, पण खोदाईचे पैसे दिसतात आणि वेल्डरचे त्या वेळी दिसत नाहीत.

गेटबाहेरची उंची घरमालकाच्या हाती नसते. रस्त्यावर जुनं डांबर न खरवडता नवं डांबर टाकायची रीत सर्वत्र आहे. त्यामुळे रस्ता दर खेपेला दोन-तीन इंच चढतो आणि बंगला जागच्या जागी तेवढाच बुडतो. वीस वर्षांपूर्वी तीन पायऱ्या चढून जायची घरं आज एक पायरी उतरून आत जायची झाली आहेत. म्हणून पोर्चची पातळी रस्त्यापेक्षा निदान फूट-दीड फूट वर ठेवून मगच ढाळ काढावा. ढाळ पन्नास फुटांना एक फूट असला की पावसाचं पाणी थांबत नाही. चाळीस फुटांत साडेनऊ इंच उतरतात. उताराचं तोंड घराकडे नको, हे सांगावं लागू नये. तरी सांगावं. शेजाऱ्याच्या भिंतीकडेही नको, कारण तो वाद काँक्रीटपेक्षा जास्त टिकतो.

पातळी काढायचं साधन म्हणजे पाणी भरलेली पारदर्शक नळी. एक टोक गवंड्याच्या हातात, दुसरं बिगाऱ्याच्या. दोन्ही टोकांचं पाणी एका पातळीत राहतं हा निसर्गनियम आहे आणि तो कधी चुकत नाही. चुकतो तो नळीत अडकलेल्या हवेच्या बुडबुड्यामुळे. गवंडी ओरडतो, “बसलं का रं?” बिगारी नळीकडे न बघता ओरडतो, “बसलं!” त्या एका शब्दावर पुढची पंचवीस वर्षं पोर्चसमोर डबकं साचतं. घरमालकानं फक्त एक करावं. नळी उचलून उजेडात धरावी आणि बुडबुडा आहे का बघावं. गवंड्याला राग येतो. येऊ द्यावा.

खोदाईत काय निघतं त्यावर पुढचं सगळं अवलंबून. कोकणात जांभा लागला तर नशीब. देशावर, मराठवाड्यात, विदर्भात काळी माती लागते, आणि कापसाला लाभणारी ही माती काँक्रीटला लाभत नाही. ती पावसात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते. वरचं काँक्रीट तिच्याबरोबर वर-खाली व्हायला तयार नसतं, म्हणून मोडतं. अशा जागी माती फूट-दीड फूट काढून टाकून तिथं मुरूम भरावा, सहा-सहा इंचांच्या थरांत, पाणी मारून, धुमसानं किंवा रोलरनं दाबून. ‘भराव बसू द्या, एक पावसाळा जाऊ द्या’ असा जुन्या माणसांचा सल्ला असतो आणि तो बरोबर आहे. पण ज्या घरात मे महिन्याच्या अखेरीस मुंजीचा मुहूर्त धरलेला आहे तिथं तो ऐकला जात नाही. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाचं उदाहरण अशा वेळी हटकून निघतं. ‘एक्स्प्रेसवेसारखं करून द्या’ असं ठेकेदाराला बजावलं जातं. त्या रस्त्याची मजबुती वरच्या काँक्रीटइतकीच त्याच्या खाली दाबलेल्या थरांत आहे, आणि त्या थरांबरोबर कोणी फोटो काढत नाही.

याच टप्प्यावर जमिनीखाली काय काय जाणार आहे ते आठवून घ्यावं. पाण्याची लाइन, वीज, इंटरनेटची केबल, बागेची नळी, उद्या कधी येणारा पाइपगॅस. वाटेखालून आडवे दोन रिकामे पीव्हीसी पाइप टाकून ठेवले की पुढचे सगळे खोदणारे परत पाठवता येतात. काँक्रीट पक्कं झालं रे झालं की आठवड्याभरात कोणीतरी ब्रेकर घेऊन दारात उभं राहतं. ड्रेनेज चेंबरची झाकणंही आधीच नव्या पातळीला उचलून घ्यावीत. ती काँक्रीटखाली गाडली गेलेली घरं गल्लीगल्लीत आहेत. तिथं तुंबलं की चेंबर नेमका कुठं होता यावर घरातल्या प्रत्येकाचं वेगळं मत असतं आणि ब्रेकर प्रत्येकाच्या मताप्रमाणे एकेकदा चालवला जातो.

आता माल. गाड्यांसाठीच्या वाटेला किमान एम-२० दर्जाचं काँक्रीट लागतं. म्हणजे घरगुती प्रमाणात एक भाग सिमेंट, दीड भाग वाळू, तीन भाग खडी. चाळीस बाय दहा बाय पाच इंच म्हणजे १६७ घनफूट, पावणेदोन ब्रासला थोडं कमी. त्याला सिमेंटच्या ३८ गोण्या, पाऊण ब्रास वाळू आणि दीड ब्रास खडी पुरते. नदीची वाळू आता मिळत नाही; मिळते ती क्रश सँड. ठेकेदाराचा अंदाज ३० गोण्यांचा असतो. उरलेल्या आठ गोण्या तो अनुभवानं भरून काढतो.

सगळ्यात नाजूक जिन्नस पाणी. काँक्रीटला ते दोनदा लागतं. मिसळताना मोजून आणि घट्ट झाल्यावर सढळ हातानं. घरोघरी या दोन वेळांची अदलाबदल होते, आणि वाटेला जे जे पुढं भोगावं लागतं त्यातलं बरंचसं त्या अदलाबदलीतून येतं.

काँक्रीट वाळून घट्ट होत नाही. सिमेंट आणि पाणी यांची रासायनिक प्रक्रिया होऊन ते घट्ट होतं, म्हणून ते पाण्याखालीही घट्ट होतं. या प्रक्रियेला सिमेंटच्या वजनाच्या जेमतेम पाव हिस्सा पाणी पुरतं. ५० किलोच्या गोणीला साडेबारा लिटर. माल कालवता यावा, पसरता यावा म्हणून आणखी तेवढंच घालतात. आयएस ४५६ हे भारतीय मानक एम-२० ला गोणीमागे ३० लिटरपर्यंत चालवून घेतं. त्याच्यावरचं प्रत्येक भांडं पुढं उडून जातं आणि जाताना काँक्रीटमध्ये आपली जागा रिकामी ठेवून जातं. त्या जागा म्हणजे कमजोरी. माल श्रीखंडासारखा हवा, ताकासारखा नको.

प्रत्यक्ष मिक्सरपाशी लिटर हे माप नसतं. बादली हे माप असतं, आणि बादलीला तळाशी भोक असतं. बिगारी एक बादली ओततो, मिक्सरच्या तोंडाकडे बघतो, गवंड्याकडे बघतो आणि अर्धी आणखी ओततो. पातळ माल फावड्याला हलका लागतो, घमेल्यातून झटकन सुटतो, पट्टीखाली आपोआप पसरतो. दिवसभर ते घमेलं डोक्यावर वाहायचं असेल तर कोणीही पातळ मालाचाच पक्ष घेईल. घरमालक धीर करून विचारतो, “पाणी जरा जास्त होतंय का?” गवंडी थापी खाली ठेवतो आणि म्हणतो, “साहेब, माल खेळायला पाहिजे.” याला उत्तर नाही. तेवढ्यात कुंपणापाशी पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले शेजारचे काका येऊन उभे राहतात. त्यांनी हयातभर धरणं बांधलेली असतात आणि चाळीस फुटी वाट त्यांना नजरेनंच पेलते. काका सांगतात, “अहो, स्लंप घ्या, स्लंप.” लोखंडी शंकूत माल भरायचा, शंकू उचलायचा, माल किती खाली बसतो ते मोजायचं, दोन-तीन इंच बसला तर बरा, सगळाच पसरला तर बादली हिसकावून घ्यायची. चाचणी दोन मिनिटांची आहे. शंकू मात्र काकांकडेही नसतो. पाण्याऐवजी माल सैल करणारं रसायन मिळतं, गोणीमागे थोडंसं पुरतं, आणि ते वापरा म्हटलं की गवंडी ‘केमिकल नको’ म्हणतो. हाच माणूस तंबाखूला चुना लावून घेताना असा प्रश्न काढत नाही.

तयार काँक्रीटचा फिरता ट्रक मागवला तर प्रमाणाची काळजी मिटते आणि ट्रकची सुरू होते. गल्लीत तो शिरतो का, वरच्या विजेच्या तारा किती उंच आहेत, समोरच्यांची लाल गाडी कोण हलवणार. प्लँटवर माल भरल्यापासून दोन तासांत तो रिकामा व्हावा लागतो. लाल गाडीचे मालक त्या दिवशी हमखास नगरला गेलेले असतात. आणि ट्रकवरही पाण्याची टाकी असते. चालक दयाळू असतो.

सिमेंटचं पेटंट १८२४ साली ज्यानं घेतलं तो जोसेफ ॲस्पडिन इंग्लंडातल्या लीड्सचा गवंडीच होता. तेव्हापासून सिमेंटवर शेवटचा शब्द गवंड्याचा. मानकं नंतर आली.

लोखंडी जाळीबद्दलही एक गैरसमज पक्का आहे. जाळी टाकली की तडे जात नाहीत असं समजतात. जातात, जाळी फक्त ते उघडे पडू देत नाही. आठ मिलिमीटरच्या सळया आठ-आठ इंचांवर बांधल्या तरी त्या काँक्रीटच्या मधोमध किंवा किंचित वर असाव्या लागतात, आणि त्यासाठी खाली ठोकळे लागतात. ठोकळे ठेवतात. मग त्या जाळीवरून चौघे जण घमेली घेऊन गमबुटांनी चालतात आणि ती मुरमात जाऊन निजते. ‘ओतताना आकड्यानं वर ओढू’ असं ठेकेदार सांगतो. आकडा मिक्सरपाशी असतो, जाळी गेटपाशी असते.

ओतकामाची वेळ महत्त्वाची. एप्रिल-मेच्या उन्हात दुपारी ओतलं तर घट्ट व्हायच्या आतच वरचं पाणी उडतं आणि संध्याकाळपर्यंत पृष्ठभागावर केसासारख्या रेषा उमटतात. सकाळी लवकर सुरू करून ऊन चढायच्या आत आटपावं किंवा उन्हं कलल्यावर घ्यावं. मजूर साडेदहाला येतात, त्यामुळे पहिला पर्याय बहुधा बाद होतो.

पट्टी मारून झाली की माल थोडा वेळ तसाच सोडायचा असतो. वर पाणी येतं, ते जाऊ द्यायचं, मग घोटायचं. इथं उतावळा गवंडी एक युक्ती करतो. वर आलेल्या पाण्यावर कोरडं सिमेंट भुरभुरवतो. पाणी शोषलं जातं, थापी गुळगुळीत फिरते, पृष्ठभाग आरशासारखा चमकतो आणि घरातली सगळी माणसं खूश होतात. वर्षभरात त्याच चमकीचे पापुद्रे सुटतात. चमक ही गोष्ट मुळात गाडीच्या वाटेला नकोच. श्रावणातल्या झिमझिम पावसात गुळगुळीत उतारावर स्कूटर घसरते, आणि त्यावर बहुतेक वेळा जावई असतो. घोटून झाल्यावर ओलसर पृष्ठभागावरून खराटा किंवा ताठ कुंचा एकदाच, आडवा, न थांबता ओढावा. बारीक रेघा उमटतात आणि टायर धरून राहतं. मालकीणबाई म्हणतात, “एवढे पैसे घालून खराट्यानं ओरखडायचं?” त्यांना रांगोळी डोळ्यासमोर दिसत असते आणि तो मुद्दा खोटा नाही. पोर्चपुढचा दोन हात तुकडा त्यांच्यासाठी घोटीव ठेवावा.

काँक्रीटला तडा जाणार, हे गृहीत धरूनच काम करायचं असतं. घट्ट होताना ते आकसतं, उन्हात वाढतं, थंडीत पुन्हा आकसतं. त्याला तडा कुठं जावा हे आधी ठरवून देता येतं. जाडीच्या चोवीसपट अंतरावर खाच घ्यावी. पाच इंच जाडीला ते अंतर बरोबर दहा फूट येतं, म्हणजे आपल्या वाटेचे चार चौकोन झाले. खाचेची खोली जाडीच्या पाव, सव्वा इंच. कटर त्याच रात्री किंवा दुसऱ्या सकाळी चालवावा. कटरवाला चौथ्या दिवशी येतो, तोवर तड्यांनी आपल्या सोयीनं जागा घेतलेल्या असतात. घराची भिंत, पोर्चचे खांब, चेंबर यांच्याशी काँक्रीटची गाठ पडू देऊ नये. मध्ये अर्धा इंच थर्माकोलची पट्टी उभी ठेवावी आणि नंतर त्या फटीत लवचीक सीलंट भरावा. थर्माकोल गणपतीच्या मखरासाठी आता वापरता येत नाही, इथं लागतो.

दुसऱ्या दिवसापासून खरी परीक्षा. काँक्रीटला दुसऱ्यांदा पाणी लागायची वेळ ही. गोणीवर ‘पीपीसी’ लिहिलं असेल, आणि बहुधा तेच असतं, तर मानक किमान दहा दिवस ओलं ठेवायला सांगतं, उन्हाळ्यात चौदा दिवस करावेत. मातीचे किंवा मालाचे छोटे बांध घालून चौकोनांत पाणी भरून ठेवावं किंवा गोणपाट अंथरून ते सतत ओलं ठेवावं. पाणी मारायचं काम कोणाचं हे मात्र करारात नसतं. ठेकेदार म्हणतो, मालकाचं. मालक म्हणतो, वॉचमनचं. वॉचमन दोन गल्ल्यांना मिळून एक असतो. पहिले दोन दिवस घरातली मुलं हौसेनं पाइप धरतात, तिसऱ्या दिवशी पाइप आजोबांकडे जातो आणि पाचव्या दिवशी नळाला पाणी येत नाही. मिक्सरपाशी बादलीमागून बादली उदारपणे ओतणारं घर इथं पाण्याचा टँकर परवडत नाही म्हणतं. सात दिवसांत काँक्रीट ठरलेल्या ताकदीच्या साधारण दोन तृतीयांश मजल मारतं, पूर्ण ताकद अठ्ठाविसाव्या दिवशी मोजतात. कोरड्या पडलेल्या काँक्रीटची मजल अर्ध्यावरच थांबते आणि नंतर कितीही पाणी मारलं तरी ती भरून येत नाही.

पहिल्या रात्री एक कुत्रं त्यावरून चालत जातं. हे टळत नाही. दोरी बांधा, बांबू आडवे टाका, गल्लीतलं सर्वांत शहाणं कुत्रंसुद्धा पोर्चपर्यंत जाऊन परत येतं, आणि येतानाचे पंजे जातानाच्यापेक्षा खोल उमटतात. मुलांना काडीनं नावं लिहायची असतात. एका कोपऱ्यात लिहू द्यावीत.

पायी चालायला दुसऱ्या दिवसापासून हरकत नाही. गाडी सात दिवसांनी, उन्हाळ्यात गोणपाट सुटल्यावर. पाण्याचा टँकर किंवा विटांचा ट्रक मात्र कधीच आत घेऊ नये. पाच इंची वाट गाडीसाठी आहे, टँकरवाला ‘फक्त मागची चाकं घेतो’ म्हणाला तरी. त्या मागच्या चाकांवरच सगळं वजन असतं.

इतकं करून झालेल्या वाटेवर गाडी उभी राहतेच असं नाही. उन्हाळ्यात तिथं कुरडया वाळत असतात, दिवाळीत किल्ला असतो, एरवी क्रिकेट. आणि ज्या मुंजीसाठी एवढी घाई केलेली असते त्या मुंजीच्या आदल्या दिवशी मंडपवाला येतो, महिन्याभराच्या त्या काँक्रीटवर समाधानानं पाय आपटून बघतो आणि बांबू रोवायला पहार काढतो. चार कोपऱ्यांत चार भोकं पडतात, त्यांतून पाणी मुरमात उतरतं आणि मोडतोड तिथून सुरू होते. म्हणून ओतकामाच्या आधीच चारही कोपऱ्यांत चार इंची पाइपचे दीड-दीड फुटी तुकडे उभे बसवून घ्यावेत, तोंडाला झाकणं लावावीत आणि ते कुठं आहेत हे मंडपवाल्याला दाखवावं. ठेकेदाराला दाखवू नये. तो त्यांत माल भरून टाकतो.